दत्तू गुळव्याचे तीन खून

दसरा झाला, पाऊस एकदाचा मागं हटला, आणि परवा आमच्या पट्ट्यातलं पहिलं गुऱ्हाळ पेटलं. तुम्ही म्हणाल, गुळाचा वास तो काय आणि त्याचं कौतुक ते काय. अहो, आमच्याकडं हंगाम भरात आला की उजळाईवाडीला उतरणारं विमान आकाशात दोन घिरट्या जादा घालतं, पायलटची मान खिडकीतनं बाहेर. मुंग्या पार सांगली जिल्ह्यातनं मुक्कामाच्या तयारीनं निघतात. आमच्या म्हशीनं एका साली उसाचं वाढं खाऊन असं दूध दिलं की चहात साखर घालणारा येडा ठरला. हे सगळं मी हजार वेळा सांगितलंय आणि हजार जणांनी मान डोलावलीय. कुणाचं काही बिघडलं नाही. म्हशीनंही कधी तक्रार केली नाही.

पण परवा तो वास आला आणि मी बांधावर होतो तिथंच थिजलो. हातातला चहा गार झाला. चार वर्षांपूर्वीचा हंगाम असा एकदम समोर येऊन बसला की जणू त्यालाही कपभर ओतायला हवा.

त्या साली आमचा जुना गुळव्या दसऱ्यालाच पाय मोडून घरी बसला. गुऱ्हाळात मालक नुसता नावाला. राज्य गुळव्याचं. चुलवाणाच्या भट्टीवर काहील, ती भली मोठी कढई, चढते, रस उकळतो, वर मळी येते, ती काढायची, मग फेस फुगतो, पिवळा होतो, तांबूस होतो, आणि एका क्षणाला गुळव्या म्हणतो, उतरवा. त्याच्या दहा श्वास आधी उतरवलं तर गूळ बसत नाही, दहा श्वास उशिरा उतरवलं तर करपतो. ते आधण, म्हणजे काहिलीतला रस, कधी झालं, हे सांगणारं यंत्र अजून निघालेलं नाही. गूळ मार्केटातल्या एका ओळखीच्यानं फोनवर सांगितलं, एक माणूस आहे, हात सोन्याचा, पण जेलमधनं सुटून आलाय. खुनाची शिक्षा होती, सोळा वर्षं काढलीत.

मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर हबकलो. डोळ्यांसमोर सहा फुटी गडी, गालावर वार, आवाज विहिरीतनं आल्यासारखा. बायकोला, शालनला, सांगितलं की आतल्या खोलीतनं बाहेर येऊ नकोस. उशाला पहार ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आला तो माझ्या खांद्याएवढा, वाळक्या शेंगेसारखा माणूस. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, हातात कापडी पिशवी. आमच्या गुऱ्हाळाला फाटक नाही, नुसते दोन दगड आहेत. तो त्या दोन दगडांच्या मधे उभा राहिला. मी काहिलीच्या कामात होतो, माझं लक्ष नव्हतं. अर्ध्या तासानं बघतो तर तिथंच.

"येऊ का, मालक?" म्हणाला.

शालन आतल्या खोलीतनं बाहेर आली, त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पहार उचलून गोठ्यात ठेवून आली. बोलली असती तर बरं झालं असतं.

दत्तू त्याचं नाव. पूर्वीपासून गुळव्याच, बापही गुळव्या. उकळत्या रसातला थेंब पाण्यात टाकायचा, बोटांत त्याची गोळी करायची, परातीवर आपटून आवाज ऐकायचा. सोळा वर्षांत ना चुलवाण बघितलं ना काहील, तरी पहिलंच आधण असं उतरवलं की ढेप फोडल्यावर आत केशरी कण चमकले. हात विसरले नव्हते. बाकीचा माणूस मात्र अजून तिकडंच होता. संध्याकाळी साडेपाच वाजले की भूक लागो न लागो, जेवायला बसायचा. घोंगडीची घडी अशी घालायचा की वहीच्या पानासारखे चार कोपरे. लघवीला जाताना विचारायचा. भिंतीला पाठ लावून उकिडवा बसायचा, शेजारी कुणी नसलं तरी बाजूला जागा सोडून. एकटा माणूस रांगेत बसू शकतो, हे मी त्या हंगामात पहिल्यांदा बघितलं. बघून हसलो होतो, हेही लिहून टाकतो.

एकदा मी त्याला विचारलं, आत लय हाल झालं असतील? त्यानं झाऱ्यानं मळी बाजूला केली आणि सावकाश सांगितलं की तिथं बिस्किटाच्या भट्टीवर काम होतं, शिकवणारा चांगला होता, पुस्तकं होती. मग म्हणाला, "तिथं सोपं हुतं, मालक. समद्यांनीच कायतरी केलेलं असतंय. म्हणून कोण कुणाला इचारत न्हाय."

आता माझ्या स्वभावाला काय करायचं? गुऱ्हाळावर येणारा प्रत्येक माणूस आमचा पावणा. रस्त्यानं जाणारा थांबला तरी त्याला रस द्यायचा, हातावर गरम गूळ ठेवायचा, आणि रसाबरोबर गोष्ट द्यायची. आमच्या बापानं तेच केलं, मी तेच करतो. बापाच्या गोष्टीत भुतं असायची. माझ्या गुऱ्हाळावर तर खराखुरा खुनी आलेला. पहिल्या आठवड्यात मी खरं तेवढंच सांगितलं. लोकांनी रस प्यायला आणि गेले. दुसऱ्या आठवड्यात मी एक कोयता घातला. लोक थांबले. तिसऱ्या आठवड्यात खून दोन झाले, दिवाळी मागं पडेपर्यंत तीन. पहिला पाण्याच्या भांडणात, दुसरा त्याला बघणारा साक्षीदार, तिसरा, मी आवाज खाली आणून सांगायचो, तिसरा उगाचच, हात गरम होता म्हणून. फाशीचा दोर दोनदा तुटला, मग सरकारनं कंटाळून जन्मठेप दिली. आत त्यानं लोखंडी गज असा वाकवला की त्याचा आता आकडा झालाय, त्याला घड्याळ टांगतात. कॉलेजची पोरं गाड्या काढून यायला लागली. रसाचे ग्लास कमी पडले.

आणि हे सगळं मी दहा हातांवर उभा राहून सांगायचो. मधे फक्त वाफ. वाफेपलीकडं दत्तू झारा फिरवत असायचा. त्यानं मान वर केली असं एकदाही झालं नाही. मी समजलो, भट्टीच्या घरघरीत त्याला ऐकू येत नसेल. खरं सांगू? मी असं समजलो, कारण ते सोयीचं होतं.

शालननं मला दोनदा बजावलं. तिच्याशी तो थोडं बोलायचा. त्याला एक मुलगी, रूपाली. तो आत गेला तेव्हा सहा वर्षांची, आई पुढं वर्षभरातच वारली, मामानं हातकणंगल्याला नेऊन वाढवली. शिकून नर्स झाली. तिला कुरुंदवाडचं एक स्थळ आलेलं. पोरीनं पहिल्याच बैठकीत स्वतः सांगितलं होतं की माझ्या वडलांच्या हातून एक माणूस गेलाय, शिक्षा भोगून ते सुटलेत, लग्नात अक्षता टाकायला ते मांडवात उभे राहणार. कबूल असेल तर पुढं बोलू. आणि ती माणसं कबूल झाली होती. दत्तूनं हे शालनला सांगितलं तेव्हा त्यानं हातातली गुळाची गोळी फुटेपर्यंत दाबली होती म्हणे.

"तुमचं तोंड म्हंजे धरणाचा सांडवा हाय," शालन मला म्हणाली. "त्याच्या लेकीचं जुळतंय. येवढा हंगाम तरी दार लावा त्याला."

मी हो म्हणालो. हो म्हणायला माझं काय जातंय.

चौकशी कशी करतात, हे मला कुणी शिकवायला नको. चार पुतण्यांच्या लग्नात मी स्वतः केलीय. सोयरीक ठरवायच्या आधी पोरीकडच्या गावात एक जाणता माणूस धाडायचा. त्यानं आपण कोण ते सांगायचं नाही. बैल बघायला आलोय म्हणायचं, ऊस कसा आहे विचारायचं, आणि बोलता बोलता हळूच हव्या त्या माणसावर यायचं. दारू पितो का, रागीट आहे का. एकच प्रश्न दोनदा, वेगवेगळ्या बाजूनं. मी यातला मुरलेला गडी. आणि त्या दुपारी मोटारसायकलवरनं एक पांढरी टोपी उतरली, कागलला बैल बघायला निघालोय म्हणाली, दोन ग्लास रस प्याली, गूळ झकास आहे, गुळव्या कुठला म्हणायचा, असं विचारलं. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. माणूस रागीट आहे का, हे त्यानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी चढ्या आवाजात उत्तर दिलं.

त्या दिवशी माझी गोष्ट फार रंगली. कोयता दीड हाताचा केला. तिसऱ्या खुनाला तर मी पाऊसही पाडला. टोपीवाला शेवटापर्यंत ऐकत बसला. जाताना हातावरचा गूळ त्यानं खाल्ला नाही, रुमालात बांधला. मला वाटलं, नातवंडांना नेत असेल.

आठ दिवसांनी दत्तूचा मेहुणा, रूपालीचा मामा, आला. शालननं रस पुढं केला, त्यानं घेतला नाही. आमच्याकडं गुऱ्हाळावर येऊन रस नाकारणं म्हणजे मुस्कटात मारणं. उभ्या उभ्या म्हणाला, स्थळ मोडलं. कुरुंदवाडचे म्हणतात, पोरगी एक म्हणाली, खून तीन आहेत. खोटं बोलून सोयरीक केली असती तिनं. दत्तू तिथंच गाळणं धूत होता. धूतच राहिला.

"तीन कुणी सांगितलं?" मी विचारलं. 

"हितंच. तुमच्या गुऱ्हाळावर."

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, लोक काय बी बोलत्यात. सगळ्या जन्मात एवढं छोटं खोटं मी कधी बोललो नव्हतो, आणि एवढं हलकटही नाही. शालननं हातातला रस जमिनीवर ओतला आणि आत गेली.

त्या दिवशी दिवसभर मनात एकच आकडेमोड चाललेली. कोर्टात साक्षी झाल्या, पुरावे झाले, वकील भांडले, न्यायाधीशानं सगळं ऐकून एका खुनाची शिक्षा दिली. तिला शेवटचा दिवस होता. शिक्का मारलेला कागद होता, दत्तूच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेला. आणि मी रसाचा ग्लास हातात घेऊन, मिशीला पीळ देत, त्यात आणखी दोन खून घातले होते. मी दिलेल्या शिक्षेला शेवटचा दिवसच नव्हता. ती मोटारसायकलवर बसून गावोगाव गेली होती.

दुसऱ्या दिवशी एसटीनं कुरुंदवाडला गेलो. पांढरी टोपी म्हणजे मुलाचा चुलता निघाला. माणूस सभ्य, चहा दिला, पाट दिला. मी कान धरले. म्हणालो, एकच खून, एकच घाव, बाकीचं सगळं मी रचलेलं. त्यानं बशीतला चहा फुंकून प्यायला.

"मग पावणं, तुमी तवा खोटं बोलत हुता का आत्ता बोलताय?"

मी देवाची शपथ घेतली. तो म्हणाला, शपथ तुम्ही त्या दिवशीही घेतली होती. ते खरं होतं. गोष्टीच्या भरात मी अंबाबाईची शपथ घेतो, तिलाही सवय झालीय.

"कोयत्याचं माप सांगितलं तुमी," तो म्हणाला. "पाऊस कसा पडत हुता ते सांगितलं. खोटं बोलणारा माणूस येवढं बारीक सांगत न्हाय. एकाला आमी व्हय म्हटलेलं. पोरीचं धाडस बघून म्हटलेलं. तिघांला कसं म्हणायचं?"

कोर्टाचा कागद दाखवतो म्हणालो. त्यानं आतल्या दाराकडं बघितलं. तिथं मुलाची आजी बसली होती, माझ्याकडं अशी बघत होती जणू कोयता माझ्याच धोतरात आहे. कागद दाखवून हिच्या कानातले दोन खून बाहेर निघतील व्हय, असं त्यानं विचारलं. मला उत्तर आलं नाही. मला! ज्यानं मेलेल्या म्हशीकडनं पंचायतीत साक्ष देववलीय, त्याला.

ते स्थळ परत जुळलं नाही. हे इथंच सांगून टाकतो, उगाच शेवटापर्यंत आशा नको.

मी दत्तूला काहीच सांगितलं नाही. तो रोज उठायचा, घडी घालायचा, काहील चढवायचा, उतरवा म्हणायचा. गूळ तसाच सोन्यासारखा. मी गोष्टी बंद केल्या. लोक विचारायचे, काय मालक, घसा बसला का? मी मान हलवायचो. त्या मुक्या दिवसांत मला गुऱ्हाळाचे आवाज पहिल्यांदा ऐकू आले. चिपाडं पेटताना होणारी तडतड, फेस फुटताना येणारा बुडबुड आवाज, ढेपेवरचं फडकं काढताना होणारी चरचर. आणि एक ध्यानात आलं. दहा हातांवर मी शालनशी हळू बोललेलंही वाफेपलीकडच्या माणसाला अगदी स्पष्ट ऐकू जात होतं. कारण तो तिकडनं बोलला की मलाही ऐकू येत होतं. 

मग रूपाली आली. दुपारचे चार वाजले असतील. स्कूटीवरनं, पांढऱ्या ड्रेसवर स्वेटर, ड्युटीवरनं थेट. काहिलीत आधण तांबूस होऊ लागलेलं, दत्तू पाण्याचं भांडं घेऊन गोळीच्या तयारीत. तिनं बापाकडं बघितलं नाही, सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"काका, त्या माणसाला काय सांगितलं ते मला सांगा. जसंच्या तसं."

मी म्हणालो, पोरी, जाऊ दे. ती म्हणाली, ज्याच्यामुळं मी खोटारडी ठरले, ते मी ऐकायला नको?

चुलवाणात चिपाडं घालणारा जळव्या थांबला. घाण्यावरची माणसं थांबली. आणि मी, ज्यानं ती गोष्ट शंभर वेळा हात हलवून, डोळे फिरवून सांगितली होती, ती एकशे एकाव्या वेळी सांगितली. त्याच्या लेकीला. त्याच्या समोर. कोयता तोंडातनं निघेना. साक्षीदाराला एका वाक्यात उरकला. तिसऱ्या खुनाशी आलो, "हात गरम होता म्हणून" हे शब्द बाहेर पडले, आणि त्याच क्षणी नाकाला काहीतरी कडवट लागलं.

आधण करपत होतं.

दत्तू भांडं हातात धरून उभा. गोळी टाकली नव्हती. उतरवा म्हणाला नव्हता. काहिलीतनं काळा धूर निघाला, माणसं धावली, बांबू घालून काहील उचलली, पण गूळ गेला होता, डांबरासारखा. सोळा वर्षं काहील न बघता जो हात चुकला नव्हता, तो त्या दिवशी चुकला. हीच गोष्ट त्यानं शंभर वेळा ऐकली होती. फरक एवढाच की आता ती पोरगी ऐकत होती.

"तुमाला ठावं हुतं?" रूपालीनं त्याला विचारलं. "हे रोज बोलायचे ते?"

"व्हय."

"मग गप का बसला?"

दत्तूनं भांडं खाली ठेवलं. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. मग तो म्हणाला, "मला वाटलं, ही बी शिक्षेतलीच हाय."

मी आयुष्यात बरंच ऐकलंय आणि त्याच्या दसपट सांगितलंय. पण त्या वाक्यासारखं काही माझ्या कानात कधी शिरलं नाही.  मी तिथंच चिपाडाच्या ढिगावर बसलो. माफी मागायला तोंड उघडलं, पण त्या तोंडावर माझाच विश्वास उरला नव्हता.

रूपाली बापाजवळ गेली. "आता तुमी सांगा," म्हणाली. "मामाच्या घरात त्या माणसाचं नावसुदिक कधी निघालं न्हाय."

त्यानं सांगितलं. शेजारचा माणूस, बांधाला बांध. पाण्याची पाळी कुणाची यावरनं बोलाचाली. खोऱ्याचा दांडा एकदाच उचलला. तो पडला, उठला नाही. पाटातलं पाणी ओंजळीनं तोंडात घातलं, ते बाजूनं वाहून गेलं. मग दत्तू तिथंच बांधावर बसून राहिला, लोक येईपर्यंत.

"म्हादबा त्याचं नाव," दत्तू म्हणाला. "त्याची पोरगी तुझ्याच वर्गात हुती. कविता."

माझ्या गोष्टीत तीन मुडदे होते आणि एकालाही नाव नव्हतं. मला सुचलंच नव्हतं की लागतं.

रूपाली म्हणाली, कविता तिच्या शेजारी बसायची. दोघींत एक खोडरबर होता. मामा न्यायला आला त्या दिवशी तो कविताकडं राहिला, आणि सुटी संपली की मागून घेऊ, असं तिनं ठरवलं होतं. परत त्या शाळेत ती गेलीच नाही. का गेली नाही, हे तिला खऱ्या अर्थानं वयाच्या बाविसाव्या वर्षी, करपलेल्या काहिलीसमोर कळत होतं.

"ती कुठं असती?"

"गावातच. सासरनं माघारी आलीया. आईजवळ ऱ्हाती म्हनं."

"चला तिच्याकडं."

दत्तू मागं सरकला. कुरुंदवाडला नेलं असतं तर गेला असता, पुन्हा कोर्टात नेलं असतं तरी गेला असता. स्वतःच्या गावाचं नाव निघताच त्यानं पाण्याचं भांडं पुन्हा हातात घेतलं. "रूपा, त्या दारात मला कोण उभं करंल?"

"मी हाय की," ती म्हणाली.

दोघं स्कूटीवर बसून वारणेकाठच्या त्याच्या गावाकडं गेले. दत्तू मागं, अंग चोरून, लेकीला धक्का लागू नये म्हणून सीटच्या अगदी कडेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर परत आला, हंगाम संपेपर्यंत राहिला. पुढच्या साली नदीपलीकडच्या एका गुऱ्हाळावर गेला, अजून तिथंच आहे. गूळ कसा आहे विचाराल तर सोन्यासारखा.

आणि म्हादबाच्या घरी काय झालं, ते तुम्ही आता विचारणार. गावानं विचारलं, शालननंही एकदा विचारलं. मनात आणलं तर मी आत्ता इथं कविताला दारात आणीन, तिच्या हातात तो खोडरबर देईन, दत्तूला तिच्या आईच्या पायांशी घालीन, आणि तुम्ही डोळे पुसाल. मला ते चांगलं जमतं. पण मी त्या दारापर्यंत गेलो नव्हतो. दार उघडलं का नाही, ते दत्तूनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.